दुसरं आणि पाचवं चित्र

चहा माझ्याच हातून सांडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात काहीही सांडलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातून सांडलेलं असतं, आणि कुणाच्या ते मी ठरवते. त्या सकाळी ठरवायला घरात दुसरं कुणी नव्हतंच. मुलगा कामावर गेलेला, नात शाळेत, सूनबाई तिच्या प्रयोगशाळेत. जेवणाच्या टेबलावर तिने आजवर छापून आलेले सगळे लेख मांडून ठेवले होते, तेवीस लेख, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती, आणि जाताना बजावलं होतं, "अहो आई, तेवढ्या टेबलाला हात लावू नका हं." मला हात लावू नका म्हणणं म्हणजे बोलावणं पाठवण्यासारखंच. मी फक्त गठ्ठ्यांच्या कडा सारख्या करत होते. कोपर लागलं, कप आडवा झाला, आणि चहा नेमका सतराव्या लेखावर गेला, दोन्ही प्रतींवर. मी भिजलेली पानं सुटी केली, टिपली, आणि वाळायला खिडकीच्या काचेवर लावली. ओला कागद आपणहून चिकटतो, त्याला दुसरं काही लागत नाही. घाईत एक पान सुलटं लागलं आणि त्याच्या डाव्या अंगाला तेच पान दुसऱ्या प्रतीतलं, उलटं, डोकं खाली पाय वर. बाहेर लख्ख ऊन होतं. उजेड मागून आला आणि पानावरची आठ चित्रं, चार वर चार खाली, जांभळी-गुलाबी, अशी काही उजळली की मी दोन पावलं मागे सरले आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. एकतीस वर्षं तो हात असाच वर जायचा आणि यंत्र थांबायचं.

छापील कापडाच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर होते. टेबल काचेचं, खालून दिवे, आणि वरून कापड सरकत जायचं, दिवसभर, नदीसारखं म्हणतात तसं, पण नदीकडे बघून कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत. चौथीत शाळा सुटली माझी. अक्षर लागतं मला अजून, जोडाक्षराला थांबावं लागतं. पण कापडावरचं फूल हातभर अंतराने परत येतं तेव्हा तेच आलं की त्याची बहीण आली, हे मला कुणी शिकवलं नाही आणि कुणाला माझ्याहून बरं जमलंही नाही. तिथे सारखंच सारखं निघालं की माल पास. आणि आता ह्या काचेवर, उलट्या पानाच्या वरच्या ओळीत शेवटी आलेलं पाचवं चित्र आणि सुलट्या पानातलं दुसरं चित्र, मधे एकच चित्र सोडून, अगदी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती. वर डावीकडे बदकाच्या चोचीसारखी पांढरी मोकळी जागा. तिच्याखाली तीन गडद ठिपके, दोन जवळ, एक रुसल्यासारखा लांब. उजव्या कडेला एक रेघ, मधेच तुटलेली. इथेही तसंच, तिथेही तसंच. बहिणी नव्हेत. तीच.

मी पानं काढली, वाळली नव्हती तरी काढली. ती उशीखाली ठेवली, मग कपाटात ठेवली, मग परत टेबलावर ठेवली, कारण माणसाने काही लपवलंच नसेल तर जागा कशाला बदलायची.

सतरावा लेख म्हणजे साधा नव्हे. बाकीचे बावीस एका पारड्यात आणि तो एका पारड्यात, असं मुलगा म्हणतो. सूनबाईचं काम मला तिनेच एकदा भाजी निवडता निवडता समजावलं होतं. शरीरात म्हणे काही पेशी अजून काहीच ठरलेल्या नसतात, मूळपेशी, पहिलीत घातलेल्या पोरीसारख्या. पुढे काय होतील ते शिकवणाऱ्यावर. सूनबाई त्यांना शिकवून पहारेकरी करते. कर्करोगाची गाठ अशी लबाड, की पहारेकऱ्यांसमोरून घरचीच असल्यासारखी वावरते. तर ह्या शिकवलेल्या पेशींनी तिचं सोंग ओळखायचं आणि तिला धरायचं. मी म्हटलं, "म्हणजे तू सासू बनवतेस की त्यांची!" ती इतकी हसली की हातातली सुरी खाली ठेवली, आणि मग तिच्या प्रयोगशाळेत सगळे त्या पेशींना सासूच म्हणायला लागले असं ऐकते. सतराव्या लेखात त्या सासवांनी उंदरांमधल्या गाठी विरघळवून दाखवल्या होत्या. आठ चित्रं म्हणजे आठ उंदरांच्या गाठींचे पातळ काप. दुसरं चित्र काहीच न दिलेल्या उंदराचं. पाचवं नुसत्या, न शिकवलेल्या पेशी दिलेल्या उंदराचं. हे मला पाठ होतं, कारण लेख आला त्या वर्षी, सात वर्षांपूर्वी, मीच बोट ठेवून एकेक विचारलं होतं आणि मग शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंना जाऊन तसंच्या तसं सांगितलं होतं, जसं काही उंदीर मीच पाळले होते. दोन वेगळ्या उंदरांच्या पोटात एकच तुटकी रेघ कुठून येणार?

खरं तर आयुष्यभर मी हेच केलं. सुनेच्या चुका काढल्या. ती ह्या घरात आली तेव्हा तिचा हा अभ्यास संपायचा होता, आणि मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तीस वर्षांची घोडी झालीस तरी परीक्षाच देतेस. चादरीची घडी चुकली, बोलले. दूध उतू गेलं, बोलले. एकदा काहीच सापडेना तेव्हा, "आज फार गप्प आहेस," म्हणून बोलले. सासूने चूक काढायची, सुनेने ऐकल्यासारखं करायचं, मुलाने वर्तमानपत्र वर धरायचं, अशी आमची घडी बसलेली, आणि कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं, कारण त्या चुकांना वजन नव्हतं. आणि आता एक खरीखुरी चूक, वजनदार, हातात येऊन पडली होती आणि तोंडात मिठाची गुळणी धरून मी बसले होते. तीन आठवड्यांनी तिची मोठी समिती होती. समितीने लेखांची यादी बघायची, तिला प्रश्न विचारायचे, आणि मग तिला तिची स्वतःची प्रयोगशाळा द्यायची की नाही ते ठरवायचं. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत राबली. ते टेबल त्याचसाठी मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी मुलाला सहज म्हणून विचारलं, "काय रे, छापून आलेल्या लेखात चूक निघाली तर काय करतात?"

"कुणाच्या लेखात?"

"कुणाच्या नाही. असंच. माणसाला ज्ञान असावं."

तो हसला. "चूक साधी असेल तर दुरुस्ती छापतात. वाईट असेल तर लेखच मागे घेतात. मग संपलंच. हिच्याबरोबरचा एक होता, त्याचा मागे घेतला. आता कुठे असतो कुणाला माहीत."

"आणि चूक कुणाच्या लक्षातच आली नाही तर?"

"तर झाकली मूठ सव्वा लाखाची."

नात म्हणाली, "आजी, तू आज भाजीला नावं ठेवली नाहीस." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूनबाईने तर उठून माझ्या कपाळाला हात लावला. "अहो आई, दोन दिवस बघतेय, तुम्ही कुणालाच काही बोलला नाहीत. छातीत दुखतंय का?" म्हणजे आली का पंचाईत! बोललं तर तोंडाळ, गप्प बसलं तर आजारी.

त्या दिवसांत मला कारखान्यातली एक मैत्रीण सारखी आठवत राहिली. ती छपाईला होती, मी तपासणीला. दुपारचा डबा आम्ही पायऱ्यांवर बसून खायचो, तिच्या डब्यातलं मला जास्त आणि माझ्यातलं तिला. एके दिवशी तिच्या यंत्रावरचं कापड माझ्या टेबलावर आलं आणि निळा ठसा एका बोटाने घसरलेला. मी हात वर केला. विचार केला नाही, हातच वर गेला. सबंध गठ्ठा बाद झाला, तिला वरिष्ठांनी चारचौघांत बोलून घेतलं, आणि ती माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. दोन वर्षं मी त्या पायऱ्यांवर एकटी जेवले. लोक म्हणतात खऱ्याला मरण नाही. नसेल, पण खऱ्याला डबा वाटून खायला माणूसही मिळत नाही. तेव्हा मी तरणी होते, राग येऊन भागायचं. ह्या वयात सून दोन वर्षं बोलली नाही तर मी कुणाला बोलू? आणि तिला काय वाटेल, हेही डोक्यात होतंच. ह्या बाईला घरातलं पुरलं नाही, आता माझ्या उंदरांपर्यंत पोचली. आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचंही होतं त्यात काही. ह्या सुनेबद्दल मी तोंडावर एक अक्षर चांगलं बोलले नसेन, पण पाठीमागे मास्तरीणबाईंना तेवीस लेखांची उजळणी मी महिन्यातून एकदा ऐकवायचे. यादी तिची, पण मिरवणूक माझी.

चौथ्या दिवशी ती टेबलाशी बसून गठ्ठे पिशवीत भरायला लागली. सतराव्यावर डाग बघून म्हणाली, "हे काय?" मी म्हणाले, "चहा." ती म्हणाली, "असू दे, दुसरं छापून घेते." तिने मला एका शब्दाने दुखावलं नाही. तिने दुखावलं असतं तर बरं झालं असतं. त्या "असू दे"ने माझं तोंड उघडलं.

"हे दुसरं चित्र आणि हे पाचवं, एकच आहे."

ती आधी हसलीच. "नाही हो आई. ह्या कापांमध्ये सगळं सारखंच दिसतं. तुम्हाला सवय नाही ना."

तेवढं पुरे झालं. "सारखं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस," मी म्हणाले. "एकतीस वर्षं मी सारखंच बघितलंय. चार दिवस घरात मला भाजी गोड लागेना, ती काय मला सवय नाही म्हणून?" मी दोन्ही पानं घेतली, काचेवर तळहाताने दाबून धरली, एक सुलटं, एक उलटं, आणि चोचीवर बोट ठेवलं. मग तीन ठिपके. मग तुटकी रेघ. ती माझ्या खांद्यामागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मग ऐकू येईनासा झाला. ती खाली बसली, खुर्ची बघूनसुद्धा नाही, नशीब तिथे खुर्ची होती. बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटलं, झाली सुरू दोन वर्षं. मग ती उठली, चपला शोधायला लागली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"माझ्याबरोबर. मला आत्ता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

तिच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेले. मी मनात काहीतरी चकचकीत धरून होते. निघालं आमच्या कोठीघरासारखं. भिंतीभर शीतकपाटं, त्यांच्या दारांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, "उघडे टाकू नका", "हे कुणाचे आहे?", म्हणजे सगळीकडे माणसं तीच. एका बाकावर कुणाचा तरी अर्धा खाल्लेला पाव. मी बोलणार होते, पण तिचं तोंड बघून गिळलं. तिने जुन्या लाकडी पेट्या काढल्या, आत उभ्या खाचांत काचपट्ट्या, बोटाएवढ्या, प्रत्येकीच्या टोकाला हाताने लिहिलेला आकडा. जुनी वही काढली. तारखा लावता लावता तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. चौदा नंबरच्या उंदराची काचपट्टी एकाच आठवड्यात दोनदा सूक्ष्मदर्शकाखाली गेली होती. दुसऱ्या वेळी उलट बाजूने सरकवलेली, आणि वहीत आकडा लिहिला होता एक्केचाळीस. चौदा आणि एक्केचाळीस. आकडे तेच, बसले उलटे. खऱ्या एक्केचाळीसचा फोटो कधी घेतलाच गेला नव्हता.

"कधीचं आहे हे?" मी विचारलं.

तिने तारीख वाचली. मग म्हणाली, "चिमणीला ताप होता त्या दुपारी." चिमणी म्हणजे माझी नात. मला ती दुपार आठवली. मी चार फोन केले होते. चौथ्याला म्हणाले होते, तुझ्या उंदरांना आई नाही, हिला आहे. तेव्हा मला ते वाक्य फार जमलंय असं वाटलं होतं. मी मास्तरीणबाईंनाही ऐकवलं होतं. आता त्या खोलीत ते वाक्य माझ्याच कानात परत आलं आणि मी पहिल्यांदा पाहिलं की त्याला मागून कसली धार होती. तिने मला त्याची आठवण करून दिली नाही. मीही माफी मागितली नाही, मला ती येत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"आता बघायचंय ते एवढंच," ती म्हणाली, "एक्केचाळीसच्या आत काय आहे. न शिकवलेल्या पेशींनीही गाठ विरघळवली असेल, तर माझ्या शिकवण्याला काही अर्थच नाही. मग लेख खोटा." तिने पेटीतून काचपट्टी काढली. पट्टी दोनदा कडेला आपटली, जागेवर बसेना. मी तिचं मनगट धरलं, तपासणीच्या टेबलावर नवीन पोरींचं धरायचे तसं घट्ट. पट्टी बसली. पडद्यावर आधी धूसर, मग गुलाबी, मग जांभळं चित्र आलं, आणि मी बघितलं. चोच नाही. ठिपके वेगळे. पण गाठ तशीच गच्च भरलेली, इकडून तिकडे, हलायला जागा नाही अशी. "बहीण आहे," मी म्हणाले. "ती नव्हे, पण बहीण." सूनबाई एकदम रडायला लागली आणि हसायलाही लागली, दोन्ही एकाच वेळी, आणि पलीकडच्या बाकावरची दोन मुलं पाव टाकून बघत राहिली.

तिचे सर आले ते तेवढ्यात. भला माणूस, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर. तिने सगळं सांगितलं. त्यांनी पडदा बघितला, पान बघितलं, मला नमस्कार केला आणि खुर्ची दिली, म्हणजे ह्या म्हाताऱ्या बाईला काही कळणार नाही असं धरून पुढचं बोलले. "निष्कर्ष तर टिकतोच. मग घाई कसली? समिती होऊ दे. महिन्याने मासिकाला कळव. कुणाचं काय बिघडतंय?"

मी खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, बरोबर बोलतोय हा. मूठ झाकलेली राहू दे एक महिना. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मधे बोल म्हटलं असतं तरी मी बोलले नसते.

सूनबाई म्हणाली, "सर, हे ज्यांनी पकडलं त्यांना मला रोज सकाळी तोंड दाखवायचं असतं."

"कोणी पकडलं?"

तिने माझ्याकडे हात केला. सरांनी चष्मा कपाळावरून खाली नाकावर आणला.

पत्र तिने त्याच दुपारी पाठवलं. पुढचे अडीच आठवडे मी घरात अशी वावरले की मुलाने शेवटी हात जोडले, "आई, निदान एकदा तरी कुणाला तरी बोल." मास्तरीणबाईंना मी सांगितलं की यादीची उजळणी ह्या महिन्यात नाही, मला सर्दी आहे. समितीच्या दिवशी सूनबाई निघाली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं, दोन दिवस पाठ केलं होतं. तोंडातून आलं, "बाहीची शिवण उसवलीय." तिने बघितलं, खरंच उसवली होती. मी तिथेच उभ्या उभ्या चार टाके घातले आणि दोरा दाताने तोडला, आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसं काही परीक्षा माझीच होती.

समितीत तिने कुणी विचारायच्या आधीच सतराव्या लेखाची पानं पुढे केली आणि चूक सांगितली. मग काय काय झालं ते ती संध्याकाळी सांगत होती, उभ्यानेच, पर्स खांद्यावर तशीच. कुणीतरी विचारलं, हे सापडलं कुणाला. ती म्हणाली, सासूबाईंना. तर म्हणे एक सोडून सगळे हसत सुटले, पाणी प्यावं लागलं एकाला. मग कोपऱ्यातल्या एक वयस्क बाई, ज्या हसल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांचं ऐकलंत?" ती म्हणाली, "दुसरा इलाज नसतो." त्या बाईंनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. प्रयोगशाळा मिळाली. तिसऱ्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. मुलाने मला उचलायचा प्रयत्न केला, कंबर त्याची धरली.

दुरुस्ती छापून आली ती आणखी दीड महिन्याने. सूनबाईने पान आणून माझ्यापुढे ठेवलं. एवढंसं. दहा ओळी आणि एक चित्र, खऱ्या एक्केचाळीसचं. मी विचारलं, "हे यादीत धरायचं का?" ती म्हणाली, धरलंय, सतराव्याच्या खालीच. मग तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला अर्थ सांगितला. ही चूक एका बारकाईने वाचणाऱ्या वाचकाने लक्षात आणून दिली, लेखक त्यांचे ऋणी आहेत.

"कोण वाचक?"

तिने पान माझ्याकडे सरकवलं. नुसती बघत राहिली. मी पान हातात घेतलं. त्या ओळीतलं एकही अक्षर मला लागत नव्हतं, लिपीच परकी. तरी मी तिच्यावरून डोळे डावीकडून उजवीकडे नेले, सावकाश, आणि परत एकदा. माझ्या डोळ्यांत काहीतरी जमायला लागलं, म्हणून मी घाईने पान खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, चष्मा पुसला, भुवया आवळल्या आणि म्हणाले, "ह्यात एक चूक आहे."

खुर्ची सरकवून ती धावतच आली, माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, नाक कागदाला टेकेल इतकं वाकली. "कुठे? कुठे, आई?"

मी तिला शोधू दिलं. चांगली दोन-तीन मिनिटं शोधू दिलं.